यीस्टची पेशी विभाजनाला केव्हा सज्ज होते? आरएनएला बांधणाऱ्या प्रथिनांचा वाटा

प्रश्न: मी रत्नागिरीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे गाव मालवणजवळ आहे आणि माडीतल्या यीस्टवर प्रकल्प करण्याचा विचार आहे. पेशी किती वाढल्यावर विभागायचे हे यीस्ट कसे ठरवते, याविषयी वाचताना आरएनएला बांधणाऱ्या प्रथिनांचा उल्लेख वारंवार येतो. एके ठिकाणी व्हि-३ हे प्रथिन सायक्लिनला (पेशीचक्र पुढे नेणाऱ्या प्रथिनाला) दाबून ठेवते असे लिहिलेले असते, तर दुसरीकडे ते पेशीची स्मृती असल्याचे सांगितलेले असते. यांतले खरे काय? आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातले काही पाहता येईल का?

उत्तर: दोन्ही खरे आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच प्रथिनाच्या एकाच गुणधर्मातून निघतात. तो गुणधर्म लक्षात येण्यासाठी थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

वाढ आणि विभाजन या पेशीच्या दृष्टीने दोन स्वतंत्र क्रिया आहेत. लीलंड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास यीस्टची अशी उत्परिवर्तिते शोधली, की तापमान वाढवताच ज्यांचे विभाजन ठरावीक टप्प्यावर अडकते. अशा अडकलेल्या पेशी विभागत नाहीत, पण वाढत मात्र राहतात आणि अवाढव्य होतात. उलट अन्न तोडून वाढ थांबवली, तर पेशी नव्या चक्रात शिरतच नाही. पहिल्या टप्प्यातच, कलिका (मातेच्या पेशीवर फुगून येणारी नवी पेशी) न फुटता, थांबून राहते. म्हणजे विभाजन वाढीची वाट पाहते, वाढ विभाजनाची वाट पाहत नाही. ज्या बिंदूवर पेशी ही वाट पाहणे संपवून चक्राला वचनबद्ध होते, त्याला हार्टवेल यांनी ‘स्टार्ट’ असे नाव दिले. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये टिम हंट आणि पॉल नर्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. स्टार्ट ओलांडण्यापूर्वी पेशी दुसऱ्या लिंगप्रकाराच्या पेशीशी संयोग करण्याचा मार्ग निवडू शकते. ओलांडल्यावर तिला आधी चक्र पूर्ण करावे लागते.

स्टार्टच्या दारावर उभे असते सीएलएन-३ हे सायक्लिन. ते सीडीसी-२८ या कायनेजला (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकराला) जोडले जाते आणि पुढच्या जनुकसंचाच्या प्रतिलेखनाला, म्हणजे जनुकांवरून आरएनए संदेश लिहिण्याला, वाट मोकळी होते. मग सीएलएन-१ आणि सीएलएन-२ तयार होतात, ते स्वतःचेच उत्पादन वाढवतात, आणि निर्णय पक्का होतो. ही वाट नेमकी कशी मोकळी होते यावर अजून वाद आहे. व्हि-५ या निरोधक प्रथिनाला फॉस्फेट जोडून ते बाजूला सारले जाते, हे चित्र पाठ्यपुस्तकांत असते. पण २०२१ मध्ये आलेल्या कामानुसार सीएलएन-३ आणि कायनेजची जोडी थेट आरएनए पॉलिमरेजलाच, म्हणजे आरएनए लिहिणाऱ्या विकरालाच, फॉस्फेट जोडते. व्हि-३ आणि व्हि-५ ही नावे सारखी दिसली तरी प्रथिने पूर्णपणे वेगळी आहेत, एवढे मात्र पक्के ध्यानात ठेवा. ही जनुके बिघडली की पेशी नेहमीपेक्षा लहान असतानाच विभागते, म्हणून त्यांना एका नावाखाली आणले गेले. परीक्षेत यांची सर्रास अदलाबदल होते.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. सीएलएन-३ हे प्रथिन पेशीत फार थोड्या प्रमाणात असते आणि तयार झाल्यावर लवकरच नष्ट केले जाते. त्यामुळे कोणत्याही क्षणी ते किती आहे, हे त्या क्षणी त्याच्या संदेशाचे (एम-आरएनएचे) भाषांतरण, म्हणजे त्यावरून प्रथिन बनवणे, किती वेगाने चालले आहे यावर अवलंबून असते. इथे पेशीने एक फार सुंदर व्यवस्था केलेली आहे. सीएलएन-३ च्या एम-आरएनएवर खऱ्या संकेताच्या आधी एक छोटा, फसवा वाचनपट्टा आहे. रायबोसोम (संदेश वाचून प्रथिने बनवणारे कण) भरपूर असतील, तर काही त्या पट्ट्यात अडकूनही पुरेसे रायबोसोम पुढे पोहोचतात. पेशी उपाशी असेल आणि भाषांतरणाची क्षमता घटली असेल, तर सीएलएन-३ चे उत्पादन इतर प्रथिनांपेक्षा अधिक वेगाने कोसळते. भरपूर अन्नात वाढणाऱ्या यीस्टच्या एका पेशीत सुमारे २ लाख रायबोसोम असतात आणि दर मिनिटाला सुमारे २,००० नवे तयार होतात, हे लक्षात घेतले की या व्यवस्थेचे मर्म कळते: वाढीचे मोजमाप म्हणजे बहुतांशी भाषांतरणक्षमतेचे मोजमाप आहे, आणि पेशी ते या एका संदेशातून वाचू शकते.

व्हि-३ याच संदेशावर बसते. २००१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले, की व्हि-३ नसलेल्या पेशी लहान असतानाच कलिका काढतात, आणि हे प्रथिन सीएलएन-३ च्या एम-आरएनएला प्रत्यक्ष बांधले जाते. त्याच्या शेवटच्या भागात आरएनए ओळखणारा तुकडा आहे, जो ‘जीसीएयू’ असा क्रम शोधतो. मधल्या भागात ग्लुटामाइन या अमिनो आम्लाची लांब रांग आहे. पहिला भाग संदेश पकडतो, दुसरा भाग व्हि-३ च्या रेणूंना एकमेकांना चिकटवू शकतो. व्हि-३ काढून टाकले तर सीएलएन-३ चा संदेश काहीसा जास्त टिकतो, त्यामुळे तो थोडा वाढतो. हा परिणाम मध्यम स्वरूपाचा आहे, आणि तो तसाच सांगायला हवा. केवळ संदेशाचे आयुष्य मोजून व्हि-३ चे सगळे काम स्पष्ट होत नाही. ते सीडीसी-२८ ला पेशीद्रवात रोखून ठेवण्यातही भाग घेते, आणि तयार झालेले सीएलएन-३ सुरुवातीला आंतर्द्रव्यजालिकेजवळ (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याजवळ) अडकून राहते. वायडीजे-१ हे सहाय्यक प्रथिन ते तिथून सोडवते, तेव्हाच ते केंद्रकात जाते. व्हि-३ च्या पकडीत सीएलएन-३ शिवाय इतरही अनेक संदेश असतात, आणि साखरेची खबर देणारे पीकेए हे कायनेज स्वतः व्हि-३ ला फॉस्फेट जोडते. म्हणजे बाहेरची अन्नस्थिती आणि आतला निर्णय यांच्या सांध्यावर हे प्रथिन बसलेले आहे.

स्मृतीचा भाग २०१३ चा आहे. झुरिकमध्ये फाब्रिस कोड्रों आणि इव्ह बाराल यांनी यीस्टच्या पेशींना दुसऱ्या लिंगप्रकाराचे फेरोमोन (जोडीदाराची चाहूल देणारे रसायन) दिले, पण जोडीदार दिला नाही. पेशी आधी विभाजन थांबवते आणि जोडीदाराच्या दिशेने वाढू लागते. बराच काळ कोणी मिळाले नाही की ती फेरोमोन असतानाही पुन्हा कलिका काढू लागते. एकदा असे झालेली माता पुढे अनेक पिढ्या त्या फेरोमोनला दाद देत नाही, तिच्या कन्या, म्हणजे कलिकेतून सुट्या झालेल्या पेशी, मात्र पुन्हा संवेदनशील असतात. याचे कारण व्हि-३ मधली तीच ग्लुटामाइनची रांग. व्हि-३ चे रेणू एकमेकांना चिकटून मोठा समूह होतो, आणि समूहात गेलेले व्हि-३ सीएलएन-३ च्या संदेशाला दाबून ठेवू शकत नाही. दाब उठतो, सीएलएन-३ तयार होते, पेशी स्टार्ट ओलांडते. हा समूह मातेतच राहतो, कलिकेत जात नाही. तुमच्या वाचनातली दोन विधाने इथे जुळतात: सीएलएन-३ ला दाबणे हे व्हि-३ चे काम, आणि समूह बनवून ते काम दीर्घकाळ सोडून देणे ही स्मृती.

हाच गुण दुसऱ्या एका बुरशीत निराळ्या कामी आला आहे. अ‍ॅशबिया गॉसिपी ही कापसावर आढळणारी तंतुमय बुरशी यीस्टची जवळची नातलग आहे; जीवनसत्त्व बी-२ च्या औद्योगिक उत्पादनासाठी ती वापरली जाते. तिच्या एकाच तंतूत अनेक केंद्रके एकाच पेशीद्रवात असतात, तरीही ती एका वेळी विभागत नाहीत. एमी ग्लॅडफेल्टर यांच्या गटाने दाखवले, की तिथे व्हि-३ आणि सीएलएन-३ चा संदेश मिळून केंद्रकांजवळ थेंबांसारखे गोळे बनवतात, आणि ग्लुटामाइनची रांग काढली की केंद्रके एका तालात विभागू लागतात. सामाईक पेशीद्रवात शेजारच्या केंद्रकाला स्वतःचे वेळापत्रक देण्याचा हा उपाय आहे. मला वैयक्तिकरीत्या या विषयातले हे सर्वांत विलक्षण निरीक्षण वाटते.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. थेंब, समूह, कणिका असे काही सूक्ष्मदर्शकाखाली चमकताना दिसले, की त्याला लगेच कार्य चिकटवण्याचा मोह होतो. प्रथिन प्रमाणाबाहेर निर्माण केले किंवा त्याला हिरवे चमकणारे प्रथिन जोडले, तरी गोळे दिसू शकतात. म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: प्रथिन त्या संदेशाला खरेच बांधले जाते का, संदेशातला बांधणीचा क्रम बदलला तर परिणाम जातो का, आणि प्रथिनाचा समूह बनवणारा भाग काढला तर पेशीचे वर्तन बदलते का. या तिन्हींची उत्तरे ज्या शोधनिबंधात आहेत, तो नीट वाचावा.

व्हि-३ हे एकच उदाहरण घेऊन थांबलात, तर या प्रथिनांचे मोठे वैशिष्ट्य निसटेल, ते म्हणजे एक प्रथिन सहसा एकाच कामाशी संबंधित अनेक संदेश एकत्र धरते. पफ कुळातली प्रथिने याचा उत्तम नमुना आहेत. २००४ मध्ये आन्द्रे गेर्बर, डॅनियल हर्शलाग आणि पॅट्रिक ब्राउन यांनी यीस्टमधली पाच पफ प्रथिने एकेक करून त्यांच्याबरोबर येणाऱ्या संदेशांसह बाहेर काढली, तेव्हा पफ-३ ने धरलेल्या दोनशेहून अधिक संदेशांपैकी बहुतेक तंतुकणिकांसाठी (ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणाऱ्या पेशीभागांसाठी) लागणाऱ्या प्रथिनांचे निघाले. साखर मुबलक असते तेव्हा पफ-३ हे संदेश लवकर नष्ट करवते. ग्लुकोज संपते तेव्हा पफ-३ ला फॉस्फेट जोडले जातात आणि तेच प्रथिन त्याच संदेशांच्या भाषांतरणाला मदत करू लागते. ग्लुकोज जाताच पेशी एकूण भाषांतरण साधारण एका मिनिटात जवळजवळ थांबवते. तेवढ्या वेळात नवे संदेश लिहून केंद्रकाबाहेर आणणे शक्य नसते. हातात असलेल्या संदेशांतले कोणते वापरायचे, कोणते बाजूला ठेवायचे आणि कोणते मोडायचे, हे ठरवूनच पेशी पहिली काही मिनिटे निभावते. पाठ्यपुस्तकांत नियमनाची बहुतेक पाने प्रतिलेखनाला दिलेली असतात. यीस्टच्या वाढीचा वेग पाहता ही वाटणी मला बरोबर वाटत नाही.

यातून तुमच्या माडीविषयी एक मुद्दा निघतो. माडाच्या पोयीतून येणाऱ्या रसात मुख्यतः सुक्रोज असते, आणि यीस्टचे इन्व्हर्टेज हे विकर ते पेशीबाहेरच ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फोडते. मडक्यातले यीस्ट त्यामुळे साखरेच्या सुकाळात असते. ढवळत ठेवलेल्या फ्लास्कमध्ये ग्लुकोज संपल्यावर यीस्ट आपणच केलेले अल्कोहोल ऑक्सिजनच्या मदतीने खाऊ लागते, तेव्हा पफ-३ चे दुसरे रूप कामाला येते. मडक्यात मात्र ऑक्सिजन बेताचा असतो, आणि उघड्यावर राहिलेल्या माडीतले अल्कोहोल बहुतांशी अ‍ॅसिटिक आम्ल करणारे जिवाणू फस्त करतात. म्हणून फ्लास्कमधले निष्कर्ष जसेच्या तसे मडक्यावर लादू नका.

दुसरे उदाहरण थोडे सविस्तर सांगतो, कारण ते तुमच्या माडीच्या यीस्टमध्ये प्रयोगशाळेतल्या बहुतेक वाणांपेक्षा अधिक जिवंत आहे. निसर्गात सापडणारे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी पुष्कळदा एचओ हे जनुक शाबूत असलेले असते. हे जनुक वापरून एकगुणी (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) पेशी आपला लिंगप्रकार बदलू शकते, पण बदलते ती माता. नुकतीच सुटी झालेली कन्या बदलत नाही. कन्येत एचओ बंद ठेवणारे प्रथिन अ‍ॅश-१ आहे, आणि ते कन्येतच असावे म्हणून त्याचा एम-आरएनए मातेच्या केंद्रकातून कलिकेच्या टोकापर्यंत वाहून नेला जातो. त्या संदेशावर चार ठिकाणी पत्ता सांगणारे वळसे आहेत. शी-२ हे प्रथिन ते ओळखते, शी-३ त्याला मायो-४ या मोटरशी जोडते, आणि मोटर अ‍ॅक्टिनच्या तंतूंवरून चालू लागते. वाटेत हा संदेश वाचला जाऊ नये म्हणून पफ-६ आणि केएचडी-१ ही दोन प्रथिने त्यावर बसून भाषांतरण अडवतात. आंब्याची पेटी बाजारात पोहोचेपर्यंत उघडायची नाही, तसाच हा प्रकार आहे. कलिकेच्या टोकाशी असलेली कायनेजे या दोघांना फॉस्फेट जोडतात, त्यांची पकड सैल होते, आणि संदेश तिथेच वाचला जातो. १९९८ मध्ये जिवंत पेशीत हा कण कलिकेकडे सरकताना प्रत्यक्ष पाहण्यात आला. बहुतेक प्रयोगशाळांतले वाण एचओ निकामी असलेले असल्यामुळे त्यांच्यात लिंगप्रकार बदलण्याचा हा परिणाम दिसत नाही. तुमच्या गावाकडच्या वाणात तो दिसण्याची चांगली शक्यता आहे.

एसएसडी-१ चा उल्लेख मात्र केलाच पाहिजे, कारण त्याची किंमत प्रयोग करणाऱ्याला मोजावी लागते. हे प्रथिन पेशीभित्तिकेच्या प्रथिनांचे संदेश धरून ठेवते. सीबीके-१ या कायनेजने त्याला फॉस्फेट जोडले की ते संदेश वाढत्या कलिकेत वाचले जातात. वाढ जिथे होते आहे तिथेच भित्तिकेचा माल तयार व्हावा, अशी ही सोय आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यू-३०३ या वाणात एसएसडी-१ तुटलेले आहे, तर बीवाय-४७४१ मध्ये ते शाबूत आहे. एखादे जनुक काढल्यावर एका वाणात पेशी मरते आणि दुसऱ्यात जगते, अशा विसंगतीमागे पुष्कळदा हेच कारण निघते. तेव्हा दोन शोधनिबंधांची तुलना करण्यापूर्वी वाण पाहून घ्या.

अर्धगुणसूत्री विभाजनातले, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या दोन टप्प्यांच्या विभाजनातले, रिम-४ हे प्रथिन थोडक्यात सांगतो. ते सीएलबी-३ या सायक्लिनचा संदेश दुसऱ्या विभाजनापर्यंत अडवून ठेवते, तेही अमायलॉइडसारखे (प्रथिनांचे घट्ट चिकटलेले) समूह बनवून, आणि वेळ आली की आयएमई-२ हे कायनेज ते समूह मोडायला लावते. अमायलॉइड म्हटले की आपल्याला आजार आठवतो. इथे तो सामान्य जीवनक्रमाचा भाग आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता प्रकल्प. आरएनएला बांधलेली प्रथिने बाहेर काढणे कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमणार नाही, आणि त्या नादाला लागू नये. पण त्यांच्या कामाचा परिणाम, म्हणजे कोणत्या आकाराला कलिका फुटते, हा साध्या सूक्ष्मदर्शकाने उत्तम मोजता येतो. माडी क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणूंना रोखणारे प्रतिजैविक) घातलेल्या आगरवर रेघाटून एकेक वसाहत वेगळी करा, कारण माडीत इतर यीस्ट आणि जिवाणू भरपूर असतात. डीएनएमधल्या आयटीएस या, जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या भागाचा क्रम काढून जाती निश्चित करा. मग एकच वाण २ टक्के ग्लुकोज असलेल्या आणि त्याऐवजी ग्लिसरॉल असलेल्या माध्यमात, ढवळत, ३० अंश सेल्सिअसला वाढवा. ६०० नॅनोमीटरला ०.२ ते ०.५ इतकी घनता असताना नमुना घ्या, फॉर्मल्डिहाइड घालून पेशी आहे त्या अवस्थेत थांबवा, चिकटलेल्या पेशी सुट्या करा आणि किमान दोनशे पेशी मोजा. कलिका नसलेल्या किती, आणि ज्यांची कलिका नुकतीच टिंबाएवढी दिसू लागली आहे त्यांची लांबी-रुंदी किती, हे दोन आकडे सर्वांत बोलके असतात. ग्लिसरॉलमध्ये वाढ मंद असेल, कलिका नसलेल्या पेशींचे प्रमाण अधिक असेल आणि कलिका लहान आकाराला फुटेल, अशी अपेक्षा ठेवा.

निसर्गातले वाण बहुधा द्विगुणी (गुणसूत्रांचे दोन संच असलेले) असते, त्यामुळे त्याच्या आकाराची तुलना शोधनिबंधातल्या एकगुणी पेशींशी करता येत नाही. तुलना नेहमी त्याच वाणाच्या दोन माध्यमांत करा. दुकानातल्या बेकरी यीस्टचेही तसेच, त्यात गुणसूत्रांचे संच अनेकदा दोनाहून जास्त असतात. व्हि-३ चा परिणाम पाहायचाच असेल, तर बीवाय-४७४१ आणि त्याच वाणातले व्हि-३ काढलेले रूप, अशी जोडी एखाद्या संशोधन संस्थेकडून मागवा आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच माध्यमात वाढवा. जनुक काढलेल्या रूपात जेनेटिसिन या प्रतिजैविकाला प्रतिकार असतो, त्यामुळे आलेले वाण बरोबर आहे का हे पहिल्याच दिवशी तपासता येते.

आणि तापमान. नुसते गरम करणारे इनक्युबेटर खोलीच्या तापमानाखाली येऊ शकत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्या किनाऱ्यावर दुपारी खोलीच ३० अंशांच्या पुढे जाते, यंत्रावर ३० लावलेले असले तरी फ्लास्क ३३-३४ वर असतो, आणि ३७ कडे झेप गेली तर कलिकायन काही काळ थांबते. पेशी अन्नाअभावी थांबली की उष्णतेने, हे मग आकड्यांवरून सांगता येत नाही. थंड करू शकणारे बीओडी इनक्युबेटर मिळवा, फ्लास्कशेजारी पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ठेवा आणि दर नमुन्याबरोबर त्याचीही नोंद करा. ढवळणारी सोय बीओडीत बसत नसेल, तर मोजणीचे काम डिसेंबर-जानेवारीत उरका आणि माडीतून वाण वेगळे करण्याचे काम त्याच्या आधी, पावसाळा संपताच, हाती घ्या.